साचा कोणता निवडावा?

दिवाळीच्या अंकात बंदुकीच्या गोळीविषयी लिहू नये, असे मला दोघातिघांनी सुचवून पाहिले. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन, चकलीचा तुकडा मोडता मोडता जो अंक वाचायचा, त्यात शिसे कशाला, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. परंतु ज्या घरात हा अंक जाईल, त्याच घरात धाकटी पोरे टिकल्यांचे पिस्तूल वाजवीत अंगणभर धावत असतील, आणि थोरले चिरंजीव आतल्या खोलीत बसून, घरच्या घरी गोळ्या कशा ओतल्या जातात याची चित्रफीत हातातल्या फोनवर पाहत असतील. तेव्हा हा विषय मी घरात आणतो आहे असे नाही. तो उंबरा ओलांडून केव्हाच आत आलेला आहे. त्याला ओसरीवर बसवून चार प्रश्न विचारावेत, एवढीच माझी इच्छा.

हा अधिकार मला माझ्या धंद्याने दिला. नवीन जालन्यात मी चाळीस वर्षे साचे करीत आलो. पेरणीच्या अवजारांचे भाग, पंपाची कवचे, यंत्रांची चाके, जे जे म्हणून ओतून होते, त्याच्या आधी साचा लागतो. जालना म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बियाणे आणि सळई. देशोदेशीचे भंगार आमच्या भट्ट्यांत येते, वितळते, त्याची सळई होते आणि ती कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन निमूट बसते. अशा गावात वितळलेल्या धातूचे कोणाला अप्रूप नाही. साचे करणाराला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक असते. धातूला स्वतःचे मत नसते. जी पोकळी पुढे येईल ती तो भरतो. मत असते ते साचा निवडणाराला.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातला एक तरुण अमेरिकेहून आला होता. मुलगा गुणी, निर्व्यसनी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा. सुट्टीच्या दिवशी पिस्तुलाने निशाणे मारण्याचा त्याला छंद आहे आणि तिकडच्या कायद्यात तो बसतो. तिकडे पुष्कळ लोक गोळ्या विकत न घेता घरीच शिसे वितळवून ओततात. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, “काका, तुम्ही साच्यांतले दर्दी. माझ्या पिस्तुलासाठी गोळीचा साचा घ्यायचा आहे. कोणता घेऊ ते सांगा. नाहीतर तुमच्याच लेथवर एक कापून द्या, मी आठवण म्हणून घेऊन जातो.”

त्याने जे प्रश्न मांडले ते कोणाही कारागिराला भुरळ घालणारे होते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची गंमत अशी की एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, आणि मुठीतल्या पेटीतले पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे उरकते. म्हणून गोळीच्या नाकाला महत्त्व. गोल नाकाची गोळी सुरळीत चढते; चपट्या नाकाची नळीच्या तोंडाशी अडण्याचा संभव असतो. नुसते शिसे मऊ पडते, ते नळीत माखून बसते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करायचे. साचा ॲल्युमिनियमचा घ्यावा तर तो हलका आणि चटकन तापणारा. लोखंडाचा घ्यावा तर जड, पण जपला तर नातवापर्यंत टिकणारा. दोन घरांचा घ्यावा की सहा घरांचा? पोराने प्रत्येक बाबीचा कसून अभ्यास केला होता. कोणता, केवढा, केवढ्याला, या साऱ्यांची उत्तरे त्याच्यापाशी होती. कशासाठी, हा प्रश्न मात्र त्याच्या यादीत नव्हता.

मी साचा कापून दिला नाही. त्यावर दोन दिवस आमचा वाद चालला. त्याचे मुद्दे मी इकडच्या शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकलेले आहेत. म्हणून ते एकेक करून घेतो.

पहिला मुद्दा काटकसरीचा. विकतची गोळी महाग, घरची स्वस्त. शिवाय हे स्वावलंबन नव्हे काय? स्वावलंबन हा शब्द आपल्याकडे इतका सोवळा आहे की तो उच्चारला की समोरचा माणूस गप्प बसतो. पण पापड घरी लाटणे आणि गोळी घरी ओतणे यांना एकाच पाटावर कसे बसवायचे? शिसे ३२७ अंशांना वितळते. म्हणजे साध्या शेगडीवरही ते पातळ होते, आणि हा त्याचा गुण म्हणावा की दुर्गुण, ते घरातल्या लहान मुलांना विचारा. वितळलेल्या शिशावर साठणारी मळी, हाताला लागलेली पूड, कपड्यांवरून घरभर फिरणारी धूळ, ही पोटात जाते. लहान मुलाच्या रक्तात शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या शिशाला आपण २००० साली पेट्रोलमधून हद्दपार केले, त्याला काटकसरीच्या नावाखाली स्वयंपाकघराशेजारी शेगडी मांडून द्यायची, हा कुठला हिशेब?

दुसरा मुद्दा खेळाचा. नेमबाजी हा खेळ आहे आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा माझीही छाती फुगली. परंतु हा मुद्दा मांडणाऱ्यांनी आधी खेळाची माहिती करून घ्यावी. त्या स्पर्धेतले पिस्तूल अर्धस्वयंचलित असते खरे, पण त्याला लागते ते पॉइंट टू टू चे, कडेवर ठोका बसून पेटणारे बारके काडतूस. ते कारखान्यात तयार होते. घरी साच्यात गोळ्या ओतून कोणी त्याची भरणी करीत बसत नाही. १० मीटरच्या एअर पिस्तुलाला तर दारूच लागत नाही, छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. मोठ्या काडतुसांची एक वेगळी स्पर्धा आहे, तिची सोय परवान्याने होते. आमच्या मुलामुलींना कमतरता आहे ती मैदानांची, प्रशिक्षकांची, आणि वेळेवर मिळणाऱ्या चांगल्या काडतुसांची. ही मागणी ज्याला करायची असेल त्याने सरकारदरबारी खुशाल करावी. अर्जावर पहिली सही माझी. पण खेळाडूच्या पदराआड लपून साच्याची वकिली करू नये.

तिसरा मुद्दा जरा धूर्त आहे. साचा हे निव्वळ तंत्र, आकारात कसले आले पापपुण्य, असा तो मुद्दा. याचे उत्तर माझ्यासारख्या साचेवाल्याने द्यावे असे नाही; जगाच्या राष्ट्रांनीच ते देऊन ठेवले आहे. १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या सरकारी कारखान्यात इंग्रजांनी अशी गोळी काढली की जिचे नाक शरीरात शिरताच पसरे आणि जखम भयंकर होई. ती आपल्या देशात तयार झाली आणि वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी योजिली गेली, हे विसरू नये. १८९९ साली हेग येथे राष्ट्रांची परिषद भरली, आणि शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धातही वापरू नयेत असा जाहीरनामा तेथे निघाला. ज्यांचा धंदाच युद्धाचा, त्यांनीही मान्य केले की गोळीच्या नाकाचा आकार ही नीतीची बाब आहे. आणि आम्ही घरात बसून म्हणायचे की गोल नाक घ्यावे की चपटे, हा केवळ आवडीचा प्रश्न!

आता सर्वांत वजनदार मुद्दा. तो त्या तरुणाचा नव्हे. आमच्या गल्लीतले एक वयोवृद्ध गृहस्थ ओसरीवर बसून आमचा वाद ऐकत होते. ते म्हणाले, “शस्त्राला नावे ठेवणे सोपे आहे. रझाकारांच्या दिवसांत आमच्या वडिलांच्या घरात एक बंदूक असती, तर?” मराठवाड्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तो विचारणाऱ्याच्या घराने काहीतरी सोसलेले असते.

म्हणून इतिहास नीट पाहू. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने या देशाला नि:शस्त्र केले, हे खरे. गोऱ्याला बंदूक बाळगायला मुभा आणि आपल्याला परवाना, हा त्यातला अपमानही खरा. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही त्या कायद्याचा कडक निषेध केला. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते पिस्तूल ब्राउनिंगचे होते. ते विलायतेहून चोरून आणावे लागले. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. हे सगळे मी नाकारत नाही.

परंतु पुढचे पानही वाचले पाहिजे. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामथ यांनी हाच हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आपल्या घटनेने नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते शांततेने आणि शस्त्राविना. परके राज्य होते तेव्हा शस्त्र मागणारे पुष्कळ जण त्या सभागृहात बसले होते. स्वतःचे राज्य आल्यावर त्यांनी विचारपूर्वक वेगळा निर्णय केला. कान्हेऱ्यांना फाशीचा दोर दिसत होता. सभेत बोलता येईल, मत देता येईल, सरकार बदलता येईल, यातला एकही दरवाजा त्यांना उघडा नव्हता. आज तो दरवाजा उघडा असताना त्यांचे नाव घेऊन शेगडीवर शिसे ठेवणे, हा त्यांचा गौरव नव्हे.

आणि रझाकार? १९४७-४८ साली निजामाच्या राज्यात खासगी माणसांच्या हाती शस्त्रे नव्हती असे थोडेच आहे! ती होती, आणि म्हणूनच तो अनर्थ झाला. लातूरचा वकील कासीम रझवी याची ती खासगी सेना. खासगी माणसांनी शस्त्रे जमवावीत आणि सरकारने डोळेझाक करावी, यालाच तर आपण रझाकारी म्हणतो. तिच्यातून मराठवाडा सुटला तो सत्याग्रहींच्या तुरुंगवासाने, सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी आणि अखेर भारतीय फौजेने. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या, १५ तारखेस जालना त्यांच्या ताब्यात आले, १७ तारखेस निजाम शरण गेला. त्यानंतरच्या दिवसांत ज्यांच्या हाती शस्त्रे आली, त्यांतल्या काहींनी ती निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर चालवली, हेही याच मराठवाड्यात घडले. मी त्या गृहस्थांना हात जोडून म्हणालो, “दादा, तुमच्या वडिलांच्या घरी बंदूक असती तर, हा प्रश्न तुम्ही विचारता. रझाकाराच्या घरी ती नसती तर, हा प्रश्नही विचारून पाहा.” ते बराच वेळ गप्प होते. त्यांना माझे म्हणणे पटले असा माझा दावा नाही. पण तो प्रश्न त्यांनी परत केला नाही.

नुसत्या चांगल्या शस्त्राने स्वातंत्र्य राहते असे मानणाऱ्यांनी एकदा आमच्या जिल्ह्यातल्या असईला जाऊन यावे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीपुढे हरली. मराठ्यांच्या तोफांचे ओतकाम इतके उत्तम होते की खुद्द इंग्रजांनी त्यांची वाखाणणी केली. त्यांतल्या नव्वदावर तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. ओतकामात आपण कमी नव्हतो. कमी पडली ती एकी.

आता कायद्याविषयी दोन शब्द, आणि ते आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोरांसाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तीत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. गोळीचा साचा ही अशी सामग्री नव्हे तर काय? परवान्याशिवाय शस्त्रे वा दारूगोळा तयार करणाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याशी माझे भांडण नाही. पिस्तुलाने कोणी रानडुकरे हाकलीत नाही. मला काळजी आहे ती लेथवर उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची. कोणीतरी फोनवर एक नकाशा दाखवतो, दोन ठोकळे, मध्ये चार घरे, मजुरी रोख. पोरगा मापे घेतो आणि काम उरकतो. कशाचे घर आहे हे तो विचारीत नाही, कारण विचारायचे असते हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पुढे काय होईल ते त्या नकाशावर लिहिलेले नसते. पोरांनो, मालाचे नाव न सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम घेऊ नका. आपल्या हातून कशाचा साचा होतो आहे हे जाणून घेणे, हा कारागिराचा पहिला हक्क आहे.

शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा आहे आणि तो वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे जे मिश्रण गोळी ओतायला लागते, तेच छापखान्याच्या खिळ्यांचे मिश्रण! अमेरिकेतल्या हौशी मंडळींना जुन्या छापखान्यांचे मोडीत निघालेले टाइप फार प्रिय, कारण ती धातू गोळीला हवी तशी कठीण असते. माझ्या नातेवाइकाने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मला मात्र ते ऐकून कसेसेच झाले. जावजी दादाजींनी मुंबईत देवनागरीचे टाइप ओतले आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या टाइपांनी किती पिढ्यांना पोथ्या, पंचांगे, नाटके पुरवली! ज्या दिवाळी अंकांवर आपले वाडवडील भांडले आणि हसले, ते अंक याच धातूने छापले. त्या शिशानेही खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांची प्रकृती पोखरली, हे विसरता येत नाही. आता ते खिळे गेले, ते त्या दृष्टीने बरेच झाले. पण धातू तीच, शेगडी तीच, साचा मात्र दुसरा. एका साच्यातून अक्षर निघाले, दुसऱ्यातून गोळी.

आणि त्या दोघांची गाठ महाराष्ट्रात पडलेली आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या तीन गोळ्यांनी गांधीजी गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांना तसेच गाठले. ‘शिवाजी कोण होता?’ हे त्यांचे पुस्तक घरोघर पोचलेले होते. या माणसांशी ज्यांचे पटत नव्हते त्यांना लेख लिहिता आला असता, सभा घेता आली असती, दिवाळी अंकात चांगली दहा पाने खरडता आली असती. त्यांनी दुसरा साचा निवडला. म्हणून गोळीच्या साच्याची चर्चा भांड्याकुंड्यांच्या खरेदीसारखी, हसतखेळत, फायद्यातोट्याच्या भाषेत होऊ लागली की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आमच्या भट्ट्यांत येणाऱ्या भंगारात कधी काय निघेल याचा नेम नसतो. २००४ च्या सप्टेंबरात गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले तोफगोळे फुटले आणि दहा कामगार दगावले. कुठल्या युद्धात कोणी ओतलेला तो माल, आणि मेले कोण, तर पोटासाठी भंगार उपसणारे! त्यानंतर बाहेरून येणाऱ्या भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. युद्धाचे लोखंड वितळवून घराची सळई करायची, हा आमच्या गावाचा उद्योग आहे. त्याची दिशा उलटी फिरवू पाहणाऱ्याला येथे कोणी लेथ भाड्याने देऊ नये.

वाचकहो, यंदा फराळाला जमलेल्या मंडळींत एखादा हौशी तरुण हा विषय काढील. त्याला हिडीसफिडीस करू नका. पोरगा बहुधा वाईट नसतो. त्याची सारी मापे, वजने, किमती शांतपणे ऐकून घ्या. मग आजीने, आईने, जो कोणी घरात मोठा असेल त्याने त्याला एवढेच विचारावे, “कशासाठी रे, बाळा?” उत्तर येईपर्यंत त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढावी, आणि उत्तर आल्याशिवाय त्याला पाटावरून उठू देऊ नये.